ओट्स कशाला, कण्या आहेत की!

स्वस्त आणि पौष्टिक खाण्यावरच्या एका लेखात ओट्स सुचवलेत, वाचून हसू आलं. आमच्या लातूरकडे ज्वारीच्या कण्या (जाडसर भरडलेली ज्वारी) काय कमी आहेत? त्या घालून अंबाडीची भाजी करा. अंबाडीचा आंबट पाला उकडून पाणी पिळून टाकायचं (नाहीतर दात आंबतात), मग मूठभर तुरीची डाळ, मूठभर कण्या, थोडे शेंगदाणे घालून शिजवायचं अन् घोटायचं. वरून करडीच्या तेलात लसूण लाल करून चर्रकन फोडणी. तेलाला मात्र हात आखडू नका, कोरडी भाजी घशाखाली उतरत नाही. सोबत भाकर, कांदा. २०२३ला ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता तरी पोरं भाकर मागतील." कुठलं काय, पोरांना अजून नूडल्सच लागतात.