ब्रिटिश मोटारसायकल जपाननं मारली? तारखा वेगळंच सांगतात

जुन्या मोटारसायकलींबद्दलचा एक मजकूर गेली कित्येक वर्षं हातोहात फिरतो आहे. आशय असा: महायुद्धानंतर जगातल्या सर्वोत्तम गाड्या ब्रिटनमध्ये बनत. जपान्यांनी त्यांची नक्कल केली, पडेल भावानं बाजारात ओतली, आणि बेसावध ब्रिटिशांना काही कळायच्या आत 1969 च्या होंडा सीबी 750 नं इंडियन, व्हिन्सेंट, बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन ही सगळी जुनी घराणी संपवली. या मजकुरातलं जवळपास एकही विधान तपासणीत टिकत नाही. शिवाय ज्यांनी या गाड्या घडवल्या त्या दोन्ही देशांतल्या माणसांवर त्यात अन्याय होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

"सीबी 750 नं जुनी घराणी संपवली." आधी यादीच पाहू. इंडियन ही मुळात अमेरिकन कंपनी, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची. तिची शेवटची चीफ ही गाडी 1953 साली बनली. व्हिन्सेंटची ब्लॅक शॅडो 1948 मध्येच ताशी 125 मैलांचा वेग गाठत होती, आणि तरीही स्टीव्हनेजच्या कारखान्यातून शेवटची व्हिन्सेंट डिसेंबर 1955 मध्ये बाहेर पडली. तेव्हा होंडा कंपनी जेमतेम सात वर्षांची होती आणि तिची सुपर कब यायला अजून तीन वर्षं होती. मॅचलेस, एजेएस, नॉर्टन, जेम्स आणि फ्रान्सिस-बार्नेट एका छत्राखाली घेतलेली असोसिएटेड मोटर सायकल्स 1966 मध्ये कोसळली. रॉयल एनफिल्डचा रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला. हे सगळं सीबी 750 विक्रीला येण्याआधीचं आहे.

जर्मनीचं तर या मजकुरात नावही नाही, आणि मला हीच त्यातली सगळ्यात मोठी चूक वाटते. 1955 च्या सुमाराला एनएसयू ही जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी होती. पुढच्या चार-पाच वर्षांत जर्मन बाजार असा काही ढासळला की होरेक्स, आडलर अशी नामवंत नावं मोटारसायकलींतून बाहेर पडली, डीकेडब्ल्यू आणि व्हिक्टोरिया यांना 1958 मध्ये एकत्र यावं लागलं, आणि डिसेंबर 1959 मध्ये बीएमडब्ल्यू डाइमलर-बेन्झच्या घशात जाता जाता भागधारकांच्या विरोधामुळे वाचली. होंडानं तोवर युरोपच्या बाजारात पायही रोवले नव्हते.

मग मारलं कुणी? बहुतांशी चारचाकीनं. त्या काळी मोटारसायकल ही हौसेची वस्तू नव्हती. कामगाराचं कुटुंब साइडकारमध्ये बसून फिरायला जायचं. हातात चार पैसे खेळू लागले आणि छोट्या मोटारी आवाक्यात आल्या, तसं डोक्यावर छप्पर असलेलं वाहन कोण नाकारणार? ब्रिटनमध्ये 1959 साली दुचाकींच्या विक्रीनं उच्चांक गाठला. त्याच वर्षी सुमारे पाचशे पौंडांत मिनी आली, आणि दुचाकींचा आलेख खाली वळला. त्यात 1961 पासून शिकाऊ चालकांवर 250 सीसीची मर्यादा आली. तरुण गिऱ्हाईक नेमकं त्या वर्गात ढकललं गेलं जिथं ब्रिटिश कंपन्यांकडे दाखवण्याजोगं फारसं नव्हतं.

"जपान्यांनी नक्कल केली." केली, सुरुवातीला नक्कीच केली. यामाहाची पहिली गाडी, 1955 ची वायए-1, जर्मन डीकेडब्ल्यू आरटी 125 वरून बेतलेली होती. पण बीएसएची लाडकी बॅंटमही त्याच डीकेडब्ल्यूवरून घेतलेली! युद्धानंतर जर्मन आराखडे नुकसानभरपाई म्हणून दोस्त राष्ट्रांच्या हाती लागले. त्यातून बीएसएच्या बर्मिंगहॅमला बॅंटम, अमेरिकेत हार्लेची 125 आणि सोव्हिएत संघात मॉस्क्वा अशा तीन गाड्या जन्मल्या. एकाच आराखड्यावरून ब्रिटननं बनवली तर ती परंपरा आणि जपाननं बनवली तर चोरी, हा न्याय मला मान्य नाही.

एक आरोप मात्र खरा आहे. 1961 मध्ये एर्न्स्ट डेगनर हा पूर्व जर्मनीचा रेसर पळून आला आणि तिथल्या एमझेड कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनांचं मर्म त्यानं सुझुकीला दिलं. ते ज्ञान एमझेडचे इंजिनियर वॉल्टर काडेन यांचं होतं आणि त्यांना त्याचं श्रेय मिळायलाच हवं. पण यातही ब्रिटनचं काही गेलं नव्हतं. होंडाचं म्हणाल, तर ती 1959 मध्ये आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत पहिल्यांदा उतरली आणि 1961 मध्ये माइक हेलवुडनं तिच्यासाठी 125 आणि 250 सीसी या दोन्ही शर्यती जिंकल्या. इतक्या छोट्या आणि इतक्या वेगानं फिरणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनांची नक्कल करायला बर्मिंगहॅममध्ये मूळ प्रतच नव्हती.

"पडेल भावानं ओतली." सीबी 750 ची अमेरिकेतली किंमत 1,495 डॉलर होती. ही स्वस्त गाडीची किंमत नव्हे. तेवढ्यात चार सिलिंडर, ओव्हरहेड कॅमशाफ्ट, डिस्क ब्रेक, पाच गिअर आणि बटणस्टार्ट मिळत होता.

"ब्रिटिश बेसावध होते." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण इशारा देणारी माणसं तिथेच होती. ट्रायम्फची स्पीड ट्विन घडवणारे एडवर्ड टर्नर 1960 मध्ये स्वतः जपानला गेले, तिथले कारखाने पाहिले आणि परतल्यावर अहवाल दिला. ट्रायम्फचे इंजिनियर बर्ट हॉपवुड आणि डग हील यांचं तीन सिलिंडरचं इंजिन 1960 च्या दशकाच्या मध्यावर नमुना म्हणून चालू स्थितीत होतं. ते वेळेवर बाजारात आणलं असतं तर होंडाच्या कितीतरी आधी ब्रिटनची 750 रस्त्यावर दिसली असती. प्रत्यक्षात बीएसए रॉकेट 3 आणि ट्रायम्फ ट्रायडंट 1968 मध्ये आल्या, त्याही किकस्टार्ट, ड्रम ब्रेक आणि चार गिअर घेऊन. इंजिनियर कमी पडले नव्हते हे शर्यतींत दिसलंच: 'स्लिपरी सॅम' या टोपणनावाची ट्रायडंट 1971 ते 1975 अशी सलग पाच वर्षं प्रॉडक्शन टीटी जिंकली.

कमी पडली ती संचालकांची खोली. जपानी कंपन्या लहान गाड्यांवर नवी गिऱ्हाइकं तयार करतात, ती पुढे आपल्याच मोठ्या गाड्या घेतील, अशी तिथली समजूत होती. म्हणून लहान गाड्यांचं मैदान सोडलं, मग मधल्या. सरकारनं बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपकडून करवून घेतलेल्या 1975 च्या अहवालात ही टप्प्याटप्प्यानं घेतलेली माघार स्पष्ट नोंदली आहे. पैसा गेला तो भलतीकडे. 1970 मध्ये बीएसएनं एरिअल 3 नावाची तीनचाकी मोपेड काढली आणि ती सपशेल पडली. त्याच सुमाराला बीएसए-ट्रायम्फच्या उंबरस्लेड हॉल इथल्या संशोधन केंद्रातून फ्रेममध्येच ऑइल साठवणारा नवा सांगाडा आला, तोही उशिरा. ट्रायम्फच्या मेरिडन कारखान्यातल्या कामगारांनी इंजिन बसवायला घेतलं तर त्याच्या माथ्यावरचे रॉकर बॉक्स काढल्याशिवाय ते आत जाईना. हंगाम हातचा गेला. यातलं काहीही जपाननं केलेलं नाही.

ते मेरिडनचे कामगारही या मजकुरात कुठे नाहीत. सप्टेंबर 1973 मध्ये कारखाना बंद करायचं जाहीर झालं तेव्हा त्यांनी तो अडवून धरला, 1975 मध्ये सहकारी तत्त्वावर स्वतः चालवायला घेतला आणि 1983 पर्यंत ट्रायम्फची बॉनव्हिल बनवत राहिले. 1969 मध्ये "संपलेली" ट्रायम्फ ती हीच.

राहिला "जपान विरुद्ध ब्रिटन" हा सूर. 1950 च्या दशकात जपानमध्ये शंभराहून अधिक मोटारसायकल कंपन्या होत्या. मोठ्या म्हणाव्यात अशा चार उरल्या. हार्लेच्या परवान्यावर गाड्या बनवणारी रिकुओ गेली, तोहात्सू गेली, लायलॅक गेली. मेगुरो तर युद्धाआधीपासूनचं घराणं. तिची 500 सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, बीएसएच्या ए7 वरून बेतलेली होती. 1960 च्या दशकात मेगुरो कावासाकीत विलीन झाली आणि त्याच इंजिनाच्या वंशातून 1966 ची डब्ल्यू 1 आली. हा मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर त्यातून इंडियन आणि व्हिन्सेंट काढा, आणि बुडालेल्यांच्या यादीत ही चार नावं घाला.