सोबत थोडा काढा दिला तर काय बिघडतं?

पावसाळा लागला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मलेरियाचं इंजेक्शन चालू राहू दे, पण जोडीला पपईच्या पानांचा रस, गुळवेल, हळद द्यायला काय हरकत? मी फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवते, त्यामुळे माझ्याकडून 'हो'च येणार अशी विचारणाऱ्यांची खात्री असते.

माझं उत्तर 'नाही' आहे. साध्या हिवतापाबद्दल मी बोलत नाहीये. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी डोक्यात गेलाय, पेशंट बेशुद्ध आहे, झटके येतायत, साखर उतरतेय, अशा गंभीर मलेरियाबद्दल बोलतेय.

एक तर अशा पेशंटला झाडाचंच औषध मिळत असतं. त्याला देतात त्या इंजेक्शनचं, आर्टेसुनेटचं, मूळ चीनमधल्या आर्टेमिसिया अॅनुआ या झुडपात. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या पोथीत पाला पाण्यात भिजवून पिळायची कृती सापडली. म्हणजे उकळायचं नाही! मग त्यांनी ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला आणि 1971 मध्ये तो उंदरांवर चालला. पण त्या अर्कातलं औषधी द्रव्य, आर्टेमिसिनिन, पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर काम करून शिरेतून देता येणारं आर्टेसुनेट बनवलं. वॉर्डात सिस्टर कुपीतल्या पावडरीत सोडियम बायकार्बोनेट घालून पाणी नितळ होईपर्यंत हलवतात, मग सलाइन मिसळतात. गढूळ राहिलं तर फेकून द्यायचं. पहिल्या 24 तासांत तीन डोस: 0, 12 आणि 24 तासांना. आधीच्या औषधाशी, क्विनाइनशी, तुलना केली तेव्हा आशियातल्या 2005 च्या चाचणीत मृत्यू 22 टक्क्यांवरून 15 वर आले. क्विनाइनसुद्धा सिंकोनाच्या सालीतलंच, बरं का. झाडपाल्याचा अभिमान बाळगायचा तर तो इथे बाळगा.

आता 'जोडीला' दिलेल्या गोष्टींबद्दल. त्यांचा इतिहास वाचला की अंगावर काटा येतो. मेंदूला सूज असेल म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. 1982 च्या थायलंडमधल्या चाचणीत पेशंट उलट जास्त वेळ बेशुद्ध राहिले. केनियात मुलांना झटके येऊ नयेत म्हणून फेनोबार्बिटल दिलं. झटके कमी झाले, आणि मृत्यू 8 टक्क्यांवरून 18 वर गेले. दोन्ही वेळी तर्क अगदी बरोबर वाटत होता. त्यामुळे 'फायदा नाही झाला तरी अपाय तर नाही' हे वाक्य या आजारात मला ऐकवत नाही. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमच्याने काढा घातला तर तो पोटात न जाता फुप्फुसात उतरू शकतो, हे सांगायला तर चाचणीही लागत नाही.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा यांचं आयुष-64 हे आयुर्वेदिक औषध मलेरियासाठीच बनवलेलं. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीच्या साध्या मलेरियात त्याची क्लोरोक्विन या नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे झाले, आयुष-64 घेतलेले साधारण निम्मे. चाचणी झाली म्हणून हे कळलं, याचं मला कौतुकच आहे.

हळदीवर माझा राग नाही. बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) पद्मनाभन यांच्या गटाने हळदीतलं कर्क्युमिन आणि आर्टेमिसिनिनपासून बनवलेलं आर्टीथर एकत्र देऊन मेंदूच्या मलेरियातून उंदीर वाचवून दाखवले. काम फार सुंदर आहे. पण उंदरांचा मेंदूचा मलेरिया माणसासारखा हुबेहूब नसतो, आणि तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. हळदीच्या दुधाचा पेला म्हणजे तो प्रयोग नव्हे.

माणसांवर चाचणी व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण नीट व्हावी: शिरेतून देता येईल असं कर्क्युमिन, आर्टेसुनेट दोन्ही गटांना, आणि मोजायचं काय, तर मृत्यू आणि शुद्धीवर यायला लागलेले तास. प्लेटलेटचा आकडा मोजून टाळ्या वाजवू नका.