फेब्रुवारीत मोजलेलं गाव निम्मंच असतं

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या माथ्यावरचं कुठलंही गाव घ्या. कागदावर त्याचे दोन आकडे मिळतात, क्षेत्र आणि लोकसंख्या. दोन्ही सरकारी, आणि दोन्ही जपून वापरायचे.

क्षेत्राचं थोडक्यात सांगतो. पाटोदा, धारूर, वडवणी या पट्ट्यात माथ्यावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, बघितल्याशिवाय माणशी जमीन काढू नका. सात एकरांच्या खातेदाराची पेरणी चार एकरांत आटोपते, उरलेलं नाला आणि बरड. मुरमात ओल टिकत नाही, पावसानं पंधरा दिवस ताण दिला की बाजरी-कापूस माना टाकतात. घर खरिपावर चालत नाही, म्हणून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात.

खरी गोची लोकसंख्येत आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकात जाते आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येते. आणि आपली जनगणना होते फेब्रुवारीत! २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी होती, संदर्भ वेळ १ मार्चची मध्यरात्र. २०२७ लाही तारीख १ मार्चच आहे.

२०११ चा नियम असा: या वीस दिवसांत जो एकदाही घरी राहिला नाही, त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा. आता प्रगणक दारात आलाय आणि घरात म्हातारी आहे, शाळेमुळे मागे ठेवलेली दोन नातवंडं आहेत. 'घरात कोण कोण?' विचारलं की ती पाच नावं सांगते. तिच्या लेखी लेक आणि सून घरातलीच, फक्त कामावर गेलीत. पाच लिहिली तर नियम मोडला, तीन लिहिली तर गाव घटलं. तिकडे उसाच्या फडाच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, आहे, तिला घर क्रमांक नाही, टोळी आज या शिवारात तर उद्या त्या. तिथल्या प्रगणकाला ती 'आपल्या गावातली' वाटत नाही. काही जोड्या दोन्हीकडे लागतात, काही कुठेच नाही.

आकडा हलला तर काय बिघडतं? ग्रामपंचायतीत १,५०० लोकसंख्येपर्यंत ७ सदस्य, १,५०१ पासून ९. काठावरच्या गावातले दहा-बारा कोयते लेकरांसह गळाले की दोन जागा गेल्याच. उपकेंद्र, अंगणवाडी यांचे निकषही लोकसंख्येवरच. व्यवसायाच्या रकान्यात तर आणखी गंमत: तीन एकरांचा मालक वर्षातला जास्त काळ ऊस तोडतो, म्हणून तो शेतकरी न लागता शेतमजूर लागतो. मग 'शेतकरी कमी झाले' असे लेख येतात.

रेशनकार्डावरून माणसं मोजू नका, वारलेल्यांची नावं वर्षानुवर्षं निघत नाहीत. मतदारयादीत अठराच्या आतलं कुणी नाही, आणि सासरी गेलेल्या मुली माहेरच्या यादीत तशाच.

माझं मत स्पष्ट आहे. देशाची तारीख एका जिल्ह्यासाठी हलणार नाही, पण ग्रामपंचायतीनं स्वतःची नोंदवही ठेवायला कुणी अडवलेलं नाही. वर्षातून दोनदा मोजा: एकदा पोळ्याला, गाव भरलेलं असताना, आणि एकदा जानेवारीत. घरं नाही, चुली मोजा. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं. गावठाणापुरतं थांबू नका, शेतातल्या वस्त्या आणि तांडा हमखास सुटतो. रकाने एवढेच: चूल, माणसं, सहा वर्षांपर्यंतची मुलं, शाळेतली मुलं, बाहेर गेलेले कोयते, सोबत नेलेली लेकरं, कोणत्या जिल्ह्यात, मुकादमाचा फोन. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण फेब्रुवारीत टोळी नेमकी कुठल्या फडात आहे हे त्याच नंबरवर कळतं, आणि तिथल्या तहसीलला 'आमची एवढी माणसं तुमच्याकडे मोजून घ्या' असं लेखी कळवता येतं.

पहिली मोजणी यंदाच्या पोळ्यालाच करा. ग्रामसभेत वाचून दाखवा, चुकलेली नावं बायका तिथल्या तिथे सांगतात.