'आवश्यकतेनुसार छाटणी करणे' ही ओळ निविदेतून काढा

झाडांच्या छाटणीचं काम बिघडलं की सगळे कंत्राटदाराच्या नावाने खडे फोडतात. मला विचाराल तर निम्मं काम कागदावरच बिघडलेलं असतं. 'धोकादायक फांद्यांची आवश्यकतेनुसार छाटणी करणे' असं लिहून दिल्यावर त्याने शेंडे उडवून झाडाचा खांब केला, तरी बिल कोणत्या आधारावर अडवणार?

आधी हेतू लिहा: रस्त्यावर उंची मोकळी हवी, तारांपासून अंतर हवं, की वाळलेल्या फांद्या काढायच्यात? मग आकडे. 'एका हंगामात २५ टक्क्यांहून जास्त पाला काढू नये' हे कलम बऱ्याच ठिकाणी असतं. मर्यादा म्हणून ठीक, पण पाला ट्रकमधून गेल्यावर टक्के मोजणार कसे? त्यापेक्षा '१० सेंटिमीटरपेक्षा जाड जिवंत फांदी लेखी परवानगीशिवाय कापू नये' असं लिहा (आकडा झाड बघून ठरवा). काप झाडावरच राहतो. टेप लावला की वाद मिटला.

काप कुठे घ्यायचा तेही लिहावंच लागतं. फांदीच्या बुडाशी फुगीर कड असते, तिच्या लगत बाहेरून. खुंट ठेवायचा नाही आणि खोडाला घासूनही कापायचं नाही. जड फांदीला आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. फांदी आखूड करायची असेल तर जिथे कापाल तिथली उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. जखमेला रंग किंवा डांबर फासू नये: झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड ती आतून बंदिस्त करतं, हे अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी १९७०च्या दशकातच मांडलं. खिळ्यांचे बूट घालून जिवंत झाडावर चढायला मनाई हवी. अमेरिकेचं एएनएसआय ए३०० आणि ब्रिटनचं बीएस ३९९८ ही झाडांच्या कामाची मानकं आहेत, पण नुसतं 'मानकाप्रमाणे' लिहून हात झटकू नका.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. कापलेलं लाकूड कंत्राटदाराचं, असं ठरलं की त्याची नजर जाड फांद्यांवरच जाणार. ट्रकच्या खेपेवर पैसे दिले तरी तेच. दर झाडामागे ठरवा, लाकडाची मालकी स्वतःकडे ठेवा. आधी एक झाड नमुना म्हणून छाटून घ्या, ते मंजूर झाल्यावरच पुढची. प्रत्येक झाडाला क्रमांक आणि छाटणीआधीचा फोटो हवाच. दर थोडे वाढतील, वाढू देत.