व्यसन खरं दाखवणारे तीन जुने सिनेमे

ड्रग्जवरचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडे ठरलेलंच असतं, धूर, रंगीत दिवे, एक गाणं, आणि शेवटी ज्याने नशा केली तो मरणार, की प्रेक्षक डोळे पुसून घरी जायला मोकळा. ज्यांच्या घरात हे प्रत्यक्ष घडून गेलंय त्यांना त्यात ओळखीचं काहीच सापडत नाही. मला ते सापडलं तीन जुन्या अमेरिकन सिनेमांत, आणि त्यातल्या एकाबद्दल तर मी भेटेल त्याला सांगत असतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

तो म्हणजे १९७१ चा 'द पॅनिक इन नीडल पार्क'. दिग्दर्शक जेरी शॅट्झबर्ग, मूळचा फॅशन फोटोग्राफर. अल पचिनोचा हा पहिला मोठा रोल, गॉडफादरच्या आदल्या वर्षीचा. पटकथा जोन डिडियन आणि जॉन ग्रेगरी डन या नवरा-बायकोने लिहिलेली, जेम्स मिल्सच्या पुस्तकावरून. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ७२ व्या रस्त्याच्या नाक्याला शर्मन स्क्वेअर आहे, तिथे त्या काळात हेरॉइन घेणारे जमायचे म्हणून त्या भागाला नीडल पार्क म्हणायचे, आणि बाजारातला माल अचानक आटला की त्याला पॅनिक. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. अजिबात नाही. गाड्यांचे आवाज, हॉर्न, लोकांची बडबड एवढंच, त्यामुळे आता रडायचं की आता घाबरायचं हे आपल्याला कुणी सांगत नाही, आपण नुसते त्या पोरांच्या बाजूला उभे असतो आणि बघत राहतो.

बॉबी म्हणजे पचिनो, हा काही राक्षस वगैरे नाही. गोड पोरगा आहे, बोलघेवडा, सतत च्युइंगम आणि थापा, तो जिच्या प्रेमात पडतो ती हेलन हॉस्पिटलमध्ये पडलेली असताना तिला भेटायला येतो तेव्हा आपल्यालाही तो आवडून जातो. आणि सांगतो काय, तर मी काही अ‍ॅडिक्ट नाही, अधूनमधून घेतो फक्त. हे वाक्य ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना कळेल. पुढे हेलनही घ्यायला लागलीय हे त्याच्या लक्षात येतं आणि तो तिच्यावर ओरडत नाही, लग्नाचं विचारतो! मला वाटतं सबंध सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही आहे, कारण त्या क्षणी त्याला खरंच प्रेम वाटतंय, आणि त्या प्रेमात आता तिसरं कोणीतरी कायमचं राहायला आलंय.

एक प्रसंग सांगतो. दोघं मिळून कुत्र्याचं पिल्लू विकत घेतात, फेरीबोटीतून परत येतायत, चांगलं चाललंय, आता सुधारायचं वगैरे बोलणी झालीयत. आणि तिथेच बोटीवरच्या संडासात शिरून ते सुई घेतात. पिल्लू कुईकुई करतं म्हणून त्याला दाराबाहेर ठेवतात. पिल्लू फिरत फिरत बोटीच्या कडेला जातं आणि पाण्यात पडतं. संपलं. कुणी मुद्दाम केलेलं नाही, दुष्टपणा कुणाच्या मनात नाही, फक्त त्या पाच मिनिटांत त्यांचं दुसऱ्या कशाकडे लक्ष असूच शकत नव्हतं. व्यसनी माणसाच्या घरात मुलांचं जे होतं ते मी याहून स्पष्ट कुठे बघितलेलं नाही.

पुढे माल आटतो आणि मग सगळे एकमेकांना विकायला लागतात. पोलिसाला कुणीतरी मोठा मासा हवा असतो, तो हेलनला गाठतो, आणि ती स्वतःची शिक्षा टाळायला बॉबीला पकडून देते. तो आत जातो, सुटतो, बाहेर ती उभी असते. तो तिला जेमतेम एक शब्द बोलतो आणि दोघं बरोबर चालायला लागतात. कुणी सुधारत नाही, कुणी मरतही नाही. कितीतरी जणांना हा शेवट अर्धवट वाटतो, मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. किटी विनला हेलनच्या कामासाठी कान महोत्सवात बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं आणि ते शंभर टक्के योग्य होतं, पचिनो पचिनो करताना लोक तिला विसरतात याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं मला एवढं का लागतं ते सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे कमी शुद्ध हेरॉइनची पावडर, आलं तेव्हा माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, त्यात सापडला. आपल्याकडे तेव्हा सुई कमी, चेसिंगच जास्त, पन्नीवर पावडर टाकून खालून काडी लावायची आणि नळीने धूर ओढायचा. मावशीच्या स्वयंपाकघरातून आधी पितळेचा डबा गेला, मग स्टीलचे पेले, मग नातवाच्या बारशाला आलेली चांदीची वाटी. मावशी काय करायची, तर त्याने चोरी करू नये म्हणून स्वतःच रोज त्याच्या हातावर पुडीपुरते पैसे ठेवायची. काकांना कळू नये म्हणून किराण्याच्या हिशोबात घालायची. ती मूर्ख नव्हती हो, ती आई होती आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

म्हणूनच 'अ हॅटफुल ऑफ रेन' बघताना मी हादरलो. १९५७ चा सिनेमा, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, मायकेल गॅझोच्या नाटकावरून केलेला. कोरियाच्या युद्धातून आलेला जॉनी, हॉस्पिटलमध्ये दुखण्यासाठी मॉर्फिन दिलं त्यातून लागलेलं व्यसन, बायको गरोदर, आणि तिला वाटतंय नवऱ्याचं बाहेर कुणाशीतरी चाललंय. आणि त्याचा भाऊ पोलो! पोलोने स्वतः साठवलेले अडीच हजार डॉलर या भावाच्या नशेत घातलेत, बाप ते पैसे मागायला आलाय, आणि पोलो बापाच्या शिव्या खातोय पण भावाचं नाव सांगत नाही. बाप त्यालाच उडाणटप्पू समजतो आणि जॉनीला गुणी! किती घरांत हेच चालतं, जो सांभाळतो त्यालाच बोल. अँथनी फ्रॅन्चिओसाने पोलो असा केलाय की त्याची दया येते आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटतं, कारण त्याच्या त्या मायेनेच जॉनीचं व्यसन पोसलंय.

तिसरा, आणि सगळ्यात गाजलेला, 'द मॅन विथ द गोल्डन आर्म', १९५५, ऑटो प्रेमिंजरचा, त्यात व्यसनी नायक फ्रँक सिनात्रा. हॉलिवुडच्या सेन्सॉर कोडात तेव्हा ड्रग्जचं व्यसन दाखवायला बंदी होती, प्रेमिंजरने सर्टिफिकेटशिवायच तो रिलीज केला आणि पुढच्याच वर्षी कोडातला तो नियम सैल करावा लागला. या धाडसाबद्दल मला खूप आदर आहे, १९५७ च्या त्या दुसऱ्या सिनेमाची वाट यानेच मोकळी केली. सिनात्राचं कामही जबरदस्त. पण माझं भांडण आहे ते त्या खोलीच्या सीनशी. मॉली म्हणजे किम नोव्हॅक त्याला खोलीत कोंडते, तो तळमळतो, लोळतो, थंडीने कुडकुडतो, आणि त्यातून बाहेर आला की जणू सुटला. मूळ कादंबरीत, नेल्सन अल्ग्रेनच्या, तो शेवटी गळफास घेतो, सिनेमात मात्र मॉलीबरोबर निघून जातो.

आमच्या काकांनी हेच केलं होतं, कुणाचा सिनेमा न बघता. दादाला आतल्या खोलीत कोंडलं. टर्की सुरू झाली, म्हणजे नाक-डोळे गळणं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, रात्र रात्र झोप नाही (१९५५ साली यातलं निम्मं पडद्यावर दाखवणं शक्यच नव्हतं, ते समजू शकतो). आठवड्याभरात तो जेवायला लागला, दाढी केली, मावशीने देवापुढे साखर ठेवली. आणि नंतर तो पुन्हा गेला. अंगातून जाणं हा सोपा भाग असतो हे तेव्हा कुणाला माहीत होतं? त्यात सगळ्यात धोका असा की मधे खंड पडला की शरीराची सवय मोडते, आणि माणूस पूर्वीइतकंच घेतो, आणि त्यातच जातो. दादा वाचला, पण त्याच्याबरोबरचे सगळे वाचले नाहीत.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला मदत केली, तेव्हा पहिल्यांदा आपल्याकडे लोकांना कळलं की यात घरच्यांनाही बसवून समजवावं लागतं. अवचटांनी गर्दबद्दल जे लिहिलं त्यात मला ही तीन सिनेमांतली माणसं परत भेटली, फक्त नावं मराठी.

आता तुलना करायची तर बघा, 'हरे रामा हरे कृष्णा' पण १९७१ चाच, म्हणजे नीडल पार्कच्याच वर्षीचा. देव आनंदचा हेतू चांगला होता, त्यात मला जराही शंका नाही, घर मोडलं की मुलं कुठे जातात हे त्याला सांगायचं होतं. पण झालं काय, लोकांच्या डोक्यात ते 'दम मारो दम' गाणं आणि झीनतचा चष्मा राहिला. आजच्या वेबसिरीजमध्ये तर त्याहून वाईट, माल विकणाराच हिरो, स्लो मोशन, खर्जातलं म्युझिक, आणि घेणारा कोपऱ्यात पडलेला, त्याला साधं नावही नसतं.

'हॅटफुल'च्या शेवटी जॉनीची बायको सीलिया स्वतः फोन उचलते आणि नवरा व्यसनी आहे हे पोलिसांना कळवते. माझ्या एका मित्राचं म्हणणं, हा दगा झाला. मला बिलकुल पटत नाही. सबंध सिनेमाभर सगळे लपवतायत, भाऊ लपवतो, जॉनी लपवतो, आणि पहिल्यांदा कुणीतरी ते मोठ्याने बोलतं. हेलन पण बॉबीचं नाव पोलिसालाच सांगते, पण ते स्वतःची सुटका म्हणून, आणि सीलिया सांगते ते त्याची व्हावी म्हणून. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा म्हणजे हा फरक अंगावर येईल.

आणि मराठी दिग्दर्शकांपैकी कुणी हे वाचत असेल तर मनापासून सांगतो, १९८२ च्या संपानंतरचं गिरणगाव घ्या, गर्द पिणारा एक मुलगा घ्या, पण कॅमेरा त्याच्या आईबरोबर ठेवा, ती डबे मोजते तिथे, हिशोबाच्या वहीत खोटा आकडा लिहिते तिथे. पार्श्वसंगीत नको. असा सिनेमा निघाला तर मावशीला घेऊन मी पहिल्या दिवशी जाईन.