ट्रम्पेटला खोली पाहिजे

तुतारी वाजवणारा माणूस निवडणूक चिन्ह झाल्यापासून, पितळी वाद्य नुसतं हौसेनं वाजवणाऱ्याचे फार हाल आहेत. मी ट्रम्पेटची पेटी घेऊन जिना उतरलो की खालचे काका विचारतात, “काय, आज कुठे सभा?” मला फक्त एक धून नीट रेकॉर्ड करायची होती. त्यासाठी खोली हवी होती.

घरची होती की! इंदिरानगरच्या फ्लॅटमधली बेडरूम, दहा बाय दहा, उंचीही जवळपास तेवढीच. रेकॉर्डिंगला यापेक्षा वाईट आकार नाही. तिन्ही मापं सारखी असली की तिन्ही दिशांना तेच सूर घुमतात, ५६ हर्ट्झच्या आसपासचे आणि त्याच्या पटीतले. तिप्पट केलं की १६८, आणि ट्रम्पेटचा नेहमीचा सगळ्यात खालचा सूर साधारण १६५! तो लावला की कपाटाचं दार साथीला बसतं.

मग भिंतींवर गोधड्या टांगल्या. (बायकोची परवानगी कशी मिळवली, तो वेगळ्या लेखाचा विषय.) गोधडी वरची चमक खाऊन टाकते, खालची घुमघुम मात्र तशीच सोडते. पितळेचा तर सगळा जीव त्या चमकेत. रेकॉर्डिंग ऐकून मुलगा म्हणाला, “बाबा, शेजारी कुणीतरी मस्त वाजवतंय.”

बाथरूममध्ये आवाज राजेशाही लागला. पण फरशांचा घुमारा एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की बाहेर काढता येत नाही. शिवाय वरच्या मजल्यावरचे फ्लश.

त्यानंतर मी दिसेल त्या खोलीत टाळी वाजवू लागलो. समोरासमोरच्या भिंतींतून ‘टर्रर्र’ असं उत्तर आलं, की खोली बाद. कुणाकडे चहाला गेलो तरी आधी टाळी. एका काकूंनी लगबगीनं डोक्यावर पदर घेतला. त्यांना वाटलं, आरती सुरू झाली.

शेवटी जुन्या नाशकात, गोदाघाटाजवळ, मित्राच्या आत्यांचा वाडा सापडला. दिवाणखान्याला सागवानी तुळया, उंच पाटण, जाड भिंतींत कोनाडे, आणि एकही भिंत धड दुसरीला समांतर नाही. टाळी वाजवली. आवाज वर गेला, जरा रेंगाळला आणि विरला. मी जवळजवळ नाचलोच. पितळी वाद्याला माइक अगदी जवळ लावला तर आवाज बोचतो, लांब नेला तर खोलीच ऐकू येते. इथे खोलीच ऐकावीशी होती. माइक चार फुटांवर, कर्ण्याच्या तोंडापासून थोडा बाजूला ठेवला.

सूर लावला आणि घाटावर घंटा सुरू झाल्या. त्या थांबल्या तर गल्लीत घंटागाडी. तीही गेली, तर ओझरकडून आलेलं सुखोई. शांतता एकच, दुपारी दोननंतरची. पण तेव्हा आत्यांची वामकुक्षी, आणि तीही दिवाणखान्यातच.

“वाजव तू, मला काही होत नाही,” म्हणून त्या गादीवर आडव्या झाल्या. १८९५ साली हार्वर्डच्या वॉलेस सेबिन या भौतिकशास्त्रज्ञावर एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाला ताळ्यावर आणायचं काम आलं, तेव्हा त्यानं रात्री-रात्री शेजारच्या थिएटरातल्या गाद्या आणून मांडल्या आणि गादी किती आवाज पिते, माणूस किती पितो, हे मोजलं. इथे दोन्ही आयतं हजर होतं. फक्त सेबिनच्या गाद्या घोरत नसाव्यात.

तरी धून झाली, चांगली झाली. शेवटचा सूर विरेपर्यंत मी श्वास रोखून उभा. आत्यांनी डोळे न उघडता विचारलं, “किती घेतोस रे वरातीचे?”