महाग झाला, वय झालं, ट्रेड करून टाका… एवढं सोपं असतं तर!

सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची फायनल) झाल्यापासून एक मेसेज फिरतोय. मला एका आठवड्यात चार जणांकडून आला, त्यातले दोघं पुण्याचे, ज्यांनी आयुष्यात एनएफएलची एक अख्खी मॅच बघितलेली नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तिशी ओलांडलेला, भरमसाट पगार घेणारा प्लेअर टीमने ताबडतोब ट्रेड करावा, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकावा, कारण तिशीनंतर खेळ उतरतोच, शिवाय पगाराचे पैसे सुटतात, बदल्यात ड्राफ्ट पिक्स (कॉलेजमधले नवे प्लेअर निवडायचे नंबर) मिळतात आणि त्यातून नवी टीम उभी राहते, आणि तरुण पोरांना चान्स मिळतो. पुरावा कोणाचा, तर आमच्या सिएटल सीहॉक्सचा. २०२२ मध्ये क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा) रसेल विल्सनला डेन्व्हर ब्रॉन्कोसला "विकलं" आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये पेट्रियट्सना २९-१३ हरवून सुपर बोल जिंकला. शेवटची ओळ, आता कूपर कपलाही (हाही तिशी ओलांडलेला सीहॉक्सचा प्लेअर) काढा, उशीर नको.

मी सिएटलच्या बाजूला बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे गप्प बसणं जमेना. आधीच कबूल करतो, विल्सनचा ट्रेड झाला तेव्हा मी जाम चिडलो होतो. मार्च २०२२, ऑफिसात फोनवर बातमी बघितली आणि मीटिंग सोडून बाहेर जाऊन बसलो. दहा वर्षं बघितलेला माणूस, २०१४ च्या फेब्रुवारीत आपल्याला पहिला सुपर बोल मिळवून दिला (तोही ४३-८, आणि तोही डेन्व्हरलाच हरवून!) आणि त्याला पाठवून दिलं? मी चुकलो होतो, ट्रेड बरोबर होता. पण तो ट्रेड बरोबर होता म्हणून मेसेज बरोबर होत नाही.

आधी "विकलं" हा शब्द. कोणी कोणाला विकत नाही हो तिथे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये क्लब दुसऱ्या क्लबला ट्रान्सफरचे पैसे मोजतो, इथे ट्रेडमध्ये तसा पैशांचा सौदा नसतो, प्लेअरच्या बदल्यात प्लेअर नाहीतर ड्राफ्टमधले नंबर. डेन्व्हरने सिएटलला दिले तीन प्लेअर (क्वार्टरबॅक ड्रू लॉक, टाइट एंड नोआ फँट, डिफेन्समधला शेल्बी हॅरिस), पहिल्या राउंडचे दोन पिक, दुसऱ्या राउंडचे दोन आणि पाचव्याचा एक. सिएटलने दिला विल्सन आणि चौथ्या राउंडचा एक पिक. आणि विल्सनकडे नो-ट्रेड क्लॉज होता, म्हणजे त्याने हो म्हटल्याशिवाय पानसुद्धा हललं नसतं. "टीमने काढून टाकला" ही अर्धीच गोष्ट झाली.

आता पगाराचे पैसे सुटतात हा मुद्दा, आणि इथेच सगळा घोळ आहे. मला वाटतं मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात आयपीएल आहे. आयपीएलमध्ये प्लेअर सोडला की त्याचा आकडा तुमच्या पर्समध्ये परत येतो, दहा कोटींचा सोडला, दहा कोटी मोकळे, ऑक्शनमध्ये जा आणि उडवा. एनएफएलमध्ये असं होत नाही. तिथे सगळ्या टीमना सारखीच पगाराची कॅप (एकूण पगाराची मर्यादा) असते, २०२२ मध्ये ती २०८.२ मिलियन डॉलर होती, २०२५ मध्ये २७९.२ मिलियन. पण मोठ्या प्लेअरला कराराच्या वेळी जो साइनिंग बोनस मिळतो तो त्याच्या खिशात लगेच जातो आणि कॅपच्या हिशोबात मात्र तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवून दाखवता येतो. म्हणजे समजा पाच वर्षांचा करार, ५० मिलियन बोनस, तर दरवर्षी १० मिलियन कॅपमध्ये दिसणार. दोन वर्षं झाली आणि तुम्ही त्याला ट्रेड केलं, तर उरलेले ३० मिलियन कुठे गेले? नव्या टीमकडे नाही गेले, ते तुमच्याच नावावर, आणि तेही एकदम त्याच वर्षी. (१ जूननंतर ट्रेड केला तर त्या वर्षीचा हप्ता त्या वर्षी आणि बाकीचा पुढच्या वर्षी, एवढीच सवलत.) याला डेड मनी म्हणतात. गाडी विकली, नवा मालक फिरवतोय, आणि तुमच्या कर्जाचे राहिलेले सगळे हप्ते बँकेने एका दिवसात मागितले, तसं.

आणि हे वाढत जातं, कारण कॅपमध्ये जागा पाहिजे असली की टीम याच महागड्या प्लेअरचा या वर्षीचा पगार बोनसमध्ये बदलून पुढे ढकलते. कागदावर वाटतं वा, पैसे वाचवले. नाही वाचवले, उधारी पुढे सरकवली. म्हणून प्लेअर जेवढा जुना आणि जेवढ्या वेळा त्याच्या कराराशी असं खेळलंय, तेवढा त्याला बाहेर काढणं महाग. मेसेजच्या बरोबर उलट!

खरे आकडे घ्या. विल्सन २०२२ मध्ये राहिला असता तर सिएटलच्या कॅपवर ३७ मिलियन लागले असते. तो गेला तरी २६ मिलियन डेड मनी लागलाच, म्हणजे सुटले ११. अकरा! ग्रीन बे पॅकर्सनी २०२३ च्या एप्रिलमध्ये ॲरन रॉजर्सला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं तेव्हा त्यांच्या कॅपवर ४० मिलियनच्या वर डेड मनी बसला, कशासाठी, तर दुसऱ्या टीमच्या जर्सीत खेळणाऱ्या माणसासाठी. आणि घेणाऱ्याचं काय होतं तेही बघा. डेन्व्हरने विल्सन एकही मॅच खेळायच्या आत त्याला पाच वर्षांचा २४५ मिलियनचा नवा करार दिला, पहिल्या सीझनला टीम ५-१२ (पाच जिंकल्या, बारा हरल्या), कोच सीझन संपायच्या आत घरी, आणि मार्च २०२४ मध्ये विल्सनला सोडलं तेव्हा दोन वर्षांत मिळून ८५ मिलियन डेड मनी, तोपर्यंतचा विक्रम. विल्सन गेला पिट्सबर्गला, त्याच्या अनुभवाच्या प्लेअरला जो कमीत कमी पगार देता येतो तेवढ्यावर. त्याला काय फरक पडतो, बाकीचे डेन्व्हर देत होतं.

वयाचा मुद्दा पटकन संपवतो. तिशीनंतर खेळ उतरतो हे कोणत्या जागेवर खेळतोय त्यावर आहे. रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, रोज मार खातो, तो लवकर संपतो, मान्य. (तरी डेरिक हेन्रीला टेनेसीने जाऊ दिलं आणि त्याने २०२४ मध्ये तिसाव्या वर्षी बाल्टिमोरकडून १९२१ यार्ड काढले, असो.) क्वार्टरबॅकला हे लावूच नका. टॉम ब्रेडी टँपा बेकडून सुपर बोल जिंकला तेव्हा ४३ वर्षांचा होता. आणि अगदी ताजं उदाहरण मॅथ्यू स्टॅफर्ड, २०२५ च्या फेब्रुवारीत ३७ वर्षांचा, रॅम्सनी त्याला सांगितलं बाबा दुसऱ्या टीमशी बोलून बघ, पैशांवरून ताणलेलं होतं, शेवटी मिटलं आणि तो राहिला. मग काय झालं? ४६ टचडाउन पास (ज्यावर थेट स्कोअर होतो) आणि लीगचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी प्लेअर. या मेसेजच्या नियमाने त्याला तेव्हाच पोस्टाने पाठवून दिला असता.

आता पिक्स. इथे मेसेजवाल्याची बाजू खरंच मजबूत आहे, मी नाकारत नाही. डेन्व्हरच्या पहिल्या-दुसऱ्या राउंडच्या चार पिकमधून सिएटलला मिळाले चार्ल्स क्रॉस, बोये माफे, डेव्हॉन विदरस्पून आणि डेरिक हॉल, चौघंही सुपर बोल जिंकलेल्या टीममध्ये. इतकं चांगलं उत्पन्न एका ट्रेडमधून क्वचितच कोणाला मिळालंय. पण विदरस्पून पाचव्या नंबरवर मिळाला तो का मिळाला? कारण डेन्व्हर ५-१२ झालं! ड्राफ्टमध्ये वाईट टीमला आधी नंबर मिळतो, डेन्व्हर चांगलं खेळलं असतं तर तोच पिक पंचविसावा-अठ्ठाविसावा झाला असता आणि विदरस्पून दुसरीकडे कुठेतरी असता. सिएटलने पिक मिळवला हे डोकं, पण तो पाचवा निघाला हे नशीब. आम्ही पहिल्याच मॅचला डेन्व्हरला १७-१६ हरवून त्या नशिबाला थोडा हातभार लावला एवढंच. ती मॅच मी स्टेडियममध्ये बघितली, विल्सन मैदानात आला आणि सगळं लुमेन फील्ड त्याला बू करत होतं, मीही केलं, आणि मग शेवटी डेन्व्हरच्या कोचने त्याच्या हातात बॉल द्यायच्या ऐवजी ६४ यार्डांवरून किक मारायला लावली, तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी आजोबा मला मिठी मारून हसत होता. किक चुकली हे सांगायला नको.

उलटी उदाहरणं मेसेजमध्ये येत नाहीत. रेडर्सनी २०१८ मध्ये खलील मॅकला शिकागोला दिलं, तो तर म्हातारा पण नव्हता, २७ चा होता, बदल्यात पहिल्या राउंडचे दोन पिक. एकातून जॉश जेकब्ज मिळाला, चांगला निघाला. दुसऱ्यातून घेतलेला कॉर्नरबॅक दुसऱ्याच सीझनमध्ये टीमबाहेर. पिक म्हणजे लॉटरीचं तिकीट, तिकिटाला बक्षीस समजून चालत नाही.

आणि सुपर बोल जिंकलेली टीम खरंच त्या ट्रेडमधून उभी राहिली का? सुपर बोलचा एमव्हीपी केनेथ वॉकर, तो सिएटलच्या स्वतःच्या पिकमधून आलेला. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, स्वतःच्या पिकमधून. कोच माइक मॅकडॉनल्ड २०२४ मध्ये आला. क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड २०२५ मध्ये फ्री एजंट (करार संपलेला, कुठेही जायला मोकळा) म्हणून आला, तीन वर्षांचे १००.५ मिलियन, काही स्वस्तात नाही. लेनर्ड विल्यम्स तर अजून मजेशीर, तो २९ चा होता आणि महाग होता, आणि सिएटलने २०२३ मध्ये त्याच्यासाठी दुसऱ्या राउंडचा पिक न्यूयॉर्क जायंट्सना दिला. म्हणजे ज्या टीमचा दाखला देऊन म्हातारे विका म्हणताय त्याच टीमने पिक देऊन महागडा प्लेअर आणला! डीमार्कस लॉरेन्स सीझन चालू असताना ३३ चा. आणि कूपर कप, त्याच्याकडे येतोच.

तरुणांना चान्स हा मुद्दा वाचून मला खरंच हसू आलं. ३३ वर्षांच्या विल्सनच्या जागी २०२२ मध्ये सिएटलकडून कोण खेळला माहितीये? जीनो स्मिथ. सीझनच्या सुरुवातीला ३१ चा, वर्षानुवर्षं बाकावर बसलेला. ४२८२ यार्ड, ३० टचडाउन, कमबॅक प्लेअर ऑफ द इयर, आणि टीम ९-८ होऊन प्लेऑफमध्ये. म्हणजे म्हाताऱ्याच्या जागी म्हाताराच! फरक एवढाच की कोचला जीनो रोज प्रॅक्टिसमध्ये दिसत होता, तो काय करू शकतो हे टीमला माहीत होतं, आपल्याला नव्हतं. ग्रीन बेचंही तेच, जॉर्डन लव्हला त्यांनी २०२० मध्येच ड्राफ्ट केलं होतं आणि तीन वर्षं रॉजर्सच्या मागे बसवलं होतं, म्हणून रॉजर्स गेल्यावर पहिल्याच सीझनला प्लेऑफमध्ये डॅलसला ४८-३२ चोपता आलं. तिकडे जेट्सकडे गेलेला रॉजर्स पहिल्याच मॅचमध्ये चौथ्या स्नॅपला (चौथ्याच चालीला) घोटा धरून बसला, ॲकिलीस (टाचेमागची शीर) तुटला, सीझन संपला. दोन्ही ठिकाणी जिंकली ती टीम जिच्या घरात दुसरा माणूस आधीपासून तयार होता. हा मुद्दा मेसेजमध्ये एका शब्दाने नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे, बोनस किती फिटायचा राहिलाय आणि रविवारी त्या जागेवर उभं कोण राहणार. वय आणि पगार त्यानंतर.

राहिला कूपर कप. २०२१ मध्ये रॅम्सकडून १४५ कॅच, १९४७ यार्ड, १६ टचडाउन आणि सुपर बोलचा एमव्हीपी असलेला माणूस, तो आता तसा राहिलेला नाही, हे मलाही दिसतं. पण त्याला ट्रेड करा म्हणणाऱ्यांनी एक आठवावं, की रॅम्सनी २०२५ च्या सुरुवातीला नेमका तोच प्रयत्न केला होता. महागडा, तिशी ओलांडलेला, ट्रेड करू म्हणाले. कोणी घेतलाच नाही! कोण घेणार तो पगार, वर पिक देऊन? शेवटी मार्चमध्ये फुकट सोडला. तो आपल्या गावाकडे आला (याकिमाचा पोरगा, इथून दोन-अडीच तास), तीन वर्षांचा करार केला, आणि जानेवारीत रॅम्सच सिएटलला आले एनएफसीची (एनएफएलच्या अर्ध्या टीमची) फायनल खेळायला आणि ३१-२७ हरून गेले, कप आमच्या बाजूने. ट्रेड करा असं टाइप करायला काही लागत नाही, समोर घेणारा लागतो.

ज्याने हा मेसेज पाठवला त्या माझ्या पुण्याच्या भावाला मी एवढंच विचारलंय की कप गेल्यावर थर्ड डाउनला (अडलेल्या वेळच्या तिसऱ्या प्रयत्नाला) बॉल कोणाकडे टाकायचा त्याचं नाव सांग. दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून नाही.